वर्तमानपत्राच्या कचेरीतला जँगो

जँगो नावाचे एक सॉफ्टवेअर फ्रेमवर्क आहे. हिंजवडीत नोकरी करणाऱ्यांना आणि तिथे नोकरी मिळावी म्हणून क्लास लावलेल्या मुलांना ते ठाऊक असते. त्याची अधिकृत माहितीपुस्तिका उघडली की सुरुवातीलाच जे उदाहरण भेटते ते दुकानाचे नाही की बँकेचेही नाही. तिथे दोन गोष्टींची नोंद कशी ठेवायची ते शिकवतात: बातमीदार आणि बातमी. बातमीदाराला पूर्ण नाव असते. बातमीला मथळा, मजकूर, प्रसिद्धीची तारीख आणि ती ज्याने दिली त्या बातमीदाराचा दाखला. मुले ते टंकतात आणि पुढे जातात. आपल्याला किराणा पोचवणारे ॲप बांधायचे आहे, त्यात बातमीदाराचे काय काम, असे सहसा कोणी विचारत नाही.

मी काही वर्षे दैनिकाच्या डेस्कवर काढली आहेत, त्यामुळे मला तो प्रश्न पडला. उत्तराच्या मागे जाता जाता अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स नावाच्या गावी पोचलो. अर्थात कागदोपत्रीच.

फ्रेमवर्कला मराठीत चौकट म्हणतात, पण चौकट म्हटले की डोळ्यांपुढे दार येते आणि अर्थ निसटतो. त्यापेक्षा लग्नघराचा दाखला बरा. अंगणात मांडव घालून लग्न लावायचे तर पातेली, झारे, सतरंज्या भाड्याने आणता येतात. आणलेली वस्तू केव्हा काढायची, कशी वापरायची, हे आपण ठरवतो. प्रोग्रामर ज्याला लायब्ररी म्हणतात ती अशी भाड्याची भांडी. मंगल कार्यालय घेतले की गोष्ट उलटते. मांडव, पाणी, वीज, पंगतीची जागा सगळे तयार असते, आपण वधूवर आणि माणसे घेऊन जायचे. पण पहिली पंगत किती वाजता बसेल आणि खोल्या केव्हा रिकाम्या करायच्या, हे कार्यालयवाला सांगतो. फ्रेमवर्क तसे असते. मुख्य कार्यक्रम त्याच्या हातात, आणि आपण लिहिलेल्या तुकड्याला वेळ आली की ते हाक मारते.

अशी कार्यालये उभी राहण्याआधी वेबवर सगळी अंगणातलीच लग्ने होती. १९९३ च्या सुमारास सीजीआय नावाची पद्धत रूढ झाली आणि वेबपान मागितल्यावर सर्व्हरवर एखादा छोटा प्रोग्राम चालवून उत्तर देणे शक्य झाले. १९९५ मध्ये रास्मुस लेर्डोर्फ याने आपली पीएचपी लोकांसाठी खुली केली. पानाच्या मजकुरातच मध्ये मध्ये प्रोग्रामच्या ओळी पेरायच्या, इतके ते सोपे होते. दोन-चार पानांच्या साइटला याहून सोयीचे काही नव्हते. साइट वाढली की मात्र मजकुरात हिशेब आणि हिशेबात मजकूर असा काला व्हायचा. पानाचा माथा बदलायचा तर शंभर फायली उघडा, आणि त्यातल्या तीन राहून जाणारच.

दुसऱ्या टोकाला जावाचे सरकारी थाटाचे साम्राज्य होते. सन कंपनीने १९९९ मध्ये जे-टू-ईई ही मोठ्या उद्योगांसाठीची रचना आणली. ती समित्यांनी विचारपूर्वक आखलेली होती, पण साध्यातल्या साध्या कामालाही तीन-चार फायली आणि वर एक्सएमएलचा अर्ज भरावा लागे. आपल्याकडच्या अनेक अभियंत्यांची पहिली नोकरी हे अर्ज भरण्यातच गेली. त्या जाचाला कंटाळून रॉड जॉन्सन याने २००२ मध्ये एक जाडजूड पुस्तक लिहिले आणि पुस्तकासोबत दिलेल्या नमुना-प्रोग्राममधून पुढे ‘स्प्रिंग’ हे फ्रेमवर्क उभे राहिले. तो इतिहास वेगळा आहे. इथे लक्षात ठेवायचे ते एवढेच, की टिकून राहिलेली बरीच फ्रेमवर्के समितीच्या बैठकीत जन्मलेली नाहीत. कोणी तरी आपले रोजचे काम करता करता वैतागला आणि त्या वैतागातून ती निघाली.

लॉरेन्स हे पंचाण्णव हजारांच्या आसपास वस्तीचे गाव. गुलामगिरीच्या विरोधकांनी ते १८५४ मध्ये वसवले. गावात कॅन्सस विद्यापीठ आहे आणि विद्यापीठात बास्केटबॉलचे वेड. या खेळाचा शोध लावणारे जेम्स नाइस्मिथ तिथले पहिले प्रशिक्षक. गंमत अशी, की विजयांपेक्षा पराभव जास्त असलेले त्या विद्यापीठाचे एकमेव प्रशिक्षकही तेच. गावाचे दैनिक म्हणजे ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’. मालकी तेव्हा सायमन्स या घराण्याची, आणि त्याच घराण्याकडे गावची केबल कंपनीही होती. एरवी जिल्ह्याच्या दैनिकाने इंटरनेटकडे हात राखून पाहावे असा तो काळ, पण या घराने वेब विभागावर खर्च केला. रॉब कर्ली या विभागाचा प्रमुख होता आणि त्याच्या डोक्यात रोज नवे खूळ असे. गावातल्या शाळकरी मुलांच्या बेसबॉल सामन्यांचे वार्तांकन व्यावसायिक लीगच्या थाटात करायचे, हे त्यातलेच एक.

खूळ काढणे सोपे असते. ते रात्रीतून साइटवर उभे करायचे काम ज्यांच्या गळ्यात पडे, त्यांत एड्रियन होलोव्हाटी होता. हा मुळात पत्रकारितेचा पदवीधर, मिझुरी विद्यापीठाचा. गिटारही वाजवणारा. दुसरा सायमन विलिसन, इंग्लंडचा. बाथ विद्यापीठात शिकताना एक वर्ष प्रत्यक्ष नोकरी करायची मुभा असते, त्या वर्षासाठी तो कॅन्ससला आला. दोघांची ओळख झाली ती एकमेकांचे ब्लॉग वाचून. २००३ च्या शरद ऋतूत दोघांनी पीएचपी सोडून पायथन ही भाषा धरली.

त्यांच्या कामाची तऱ्हा सॉफ्टवेअर कंपनीसारखी नव्हती, आणि सगळी कथा इथेच आहे. कंपनीत मुदत महिन्यांत मोजतात. वर्तमानपत्रात ती तासांत मोजतात. जँगोच्या माहितीपुस्तिकेतच नोंद आहे, की एखादे गुंतागुंतीचे वेब ॲप्लिकेशन कल्पनेपासून लोकांपुढे येईपर्यंत अनेकदा हाताशी काही तासच असत. सकाळच्या बैठकीत संपादकाला सुचले, की निवडणुकीच्या उमेदवारांची माहिती वाचकांना शोधता आली पाहिजे. संध्याकाळी ती साइटवर हवी. डाक आवृत्तीचे पान जसे कोणासाठी थांबत नाही, तसेच हे.

अशा घाईत माणूस दोनदा तेच काम करतो आणि तिसऱ्यांदा करायची वेळ आली की चरफडतो. बार आणि रेस्तराँची यादी करताना लिहिलेला भाग गावातल्या बँड्सच्या यादीला पुन्हा लिहायचा, मग कार्यक्रमांच्या यादीला पुन्हा. प्रत्येक वेळी तेच: माहितीचा तक्ता बनवा, ती भरायला अर्ज बनवा, चुकीची तारीख टाकली तर अडवा, यादीचे पान काढा, एकेका नोंदीचे पान काढा. लॉरेन्स डॉट कॉम ही गावच्या करमणुकीची साइट बांधताना दोघांनी हा समाईक भाग बाजूला काढायला सुरुवात केली. आपण फ्रेमवर्क लिहितो आहोत असे त्यांच्या मनातही नव्हते, असे विलिसनने पुढे अनेकदा सांगितले आहे. कचेरीत त्याला नुसते ‘सीएमएस’ म्हणत.

बाजूला काढलेल्या त्या भागाकडे जवळून पाहिले की त्यात वर्तमानपत्राची कचेरी जशीच्या तशी दिसते. माहितीचे वर्णन प्रोग्रामरने एकदाच लिहायचे: मथळा आहे, तो दोनशे अक्षरांपर्यंत. तारीख आहे, ती सक्तीची. बातमीदार आहे, तो त्या दुसऱ्या तक्त्यातला. एवढ्या चार-पाच ओळींवरून डेटाबेसमधला तक्ता आपोआप तयार होई आणि माहिती भरायचे पडदेही आपोआप. या पडद्यांना ‘ॲडमिन’ म्हणतात. ते कोणासाठी होते, हे सांगायला नको. डेस्कवरचा उपसंपादक, ज्याला प्रोग्रामिंग येत नाही आणि शिकायची इच्छाही नाही, त्याने बसून मथळा भरावा, छायाचित्र जोडावे, बातमी सोडावी. विल्सन मायनर या डिझायनरने या पडद्यांना असे नीटस रूप दिले, की पुढे कित्येकांनी जँगो निवडला तो या एका सोयीसाठी.

तीच गोष्ट पानाच्या साच्याची. पीएचपीत साच्याच्या फायलीत काहीही लिहिता येई. इथे साच्यासाठी मुद्दाम एक लंगडी भाषा केली: यादीतून फेरी मारा, अट तपासा, नाव छापा, बस्स. पान लावणाऱ्याने पान लावावे, हिशेब दुसरीकडे व्हावा. दर्शन आणि विचार वेगळे ठेवण्याची ही कल्पना जुनी आहे. नॉर्वेचे ट्रिग्वे रेन्सकाउग यांनी ती १९७९ च्या सुमारास झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत मांडली होती. पण लॉरेन्समध्ये ती पुस्तकातून आली त्यापेक्षा अधिक कचेरीतल्या टेबलांच्या मांडणीतून आली असावी, असे मला वाटते. लिहिणारा एका टेबलावर, पान लावणारा दुसऱ्या.

वर्ष संपले तसा विलिसन इंग्लंडला परतला. प्रोग्रामर जेकब कॅप्लन-मॉस येऊन मिळाला. सीएमएस वाढत राहिले, पण कचेरीच्या भिंतींच्या आतच. ते बाहेर पडायला कारण झाले एक शेजारघर.

डेव्हिड हाइनमायर हान्सन हा डॅनिश तरुण शिकागोच्या ‘थर्टी-सेव्हन सिग्नल्स’साठी बेसकॅम्प नावाचे कामाचे नियोजन करणारे उत्पादन बनवत होता. ते २००४ च्या फेब्रुवारीत सुरू झाले. त्यातला समाईक भाग उचलून त्याने जुलैमध्ये ‘रूबी ऑन रेल्स’ म्हणून खुला केला. पुढल्या वर्षी त्याची एक चित्रफीत फिरली, त्यात त्याने पंधरा मिनिटांत चालता ब्लॉग उभा करून दाखवला होता. जावाचे अर्ज भरणाऱ्यांना तो चमत्कार वाटला. लॉरेन्समधल्यांना वाटला नसणार, कारण असे काम ते रोज करत होते. पण आपल्या टेबलाच्या खणात काय पडले आहे याची किंमत त्यांना कळली.

मालकांनी परवानगी दिली आणि जुलै २००५ मध्ये हे सगळे बीएसडी परवान्याखाली, म्हणजे जवळजवळ विनाअट, जगाला दिले गेले. कारण सांगताना त्यांनी अपाचे, पायथन आणि पोस्टग्रेस यांची नावे घेतली: आमची साइट ज्यांच्यावर चालते ती सगळी फुकट मिळालेली, तेव्हा काही परत द्यावे. यात उदारपणा होताच, हिशेबही असणार. तयार माणसे आयती मिळावीत आणि दुरुस्त्या बाहेरून याव्यात, हे कोणत्या छोट्या दैनिकाला नको असेल? पण मालकाने नाही म्हटले असते तर ते आज कोणाला आठवलेही नसते, हेही खरे.

नाव होलोव्हाटीने सुचवलेल्या गिटारवादकाचे. जँगो राइनहार्ट हा १९१० साली बेल्जियममध्ये भटक्या रोमानी कुटुंबात जन्मला. १९२८ मध्ये गाडीघराला लागलेल्या आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली. उरलेल्या दोन बोटांवर त्याने गिटारचे सूर काढले आणि युरोपातल्या जॅझचा मानदंड झाला. नावातल्या पहिल्या ‘डी’चा उच्चार करायचा नाही, हे माहितीपुस्तिकेला आजतागायत सांगावे लागते.

खुला झालेला जँगो सुरुवातीला बराच ओबडधोबड होता. घरच्या माणसांना सवयीचे असलेले कित्येक जादूचे प्रयोग त्यात होते. तुम्ही लिहिलेली फाइल एका जागी ठेवायची आणि ती प्रोग्राममध्ये भलत्याच पत्त्यावर उगवायची. बाहेरचा माणूस चक्रावून जाई. म्हणून २००६ मध्ये ‘मॅजिक रिमूव्हल’ या नावानेच मोठी साफसफाई झाली आणि आधी जँगोवर बांधलेल्या साइट्स अनेकांना पुन्हा दुरुस्त कराव्या लागल्या. जून २००८ मध्ये सगळे हक्क एका स्वतंत्र प्रतिष्ठानाकडे गेले. सप्टेंबरात १.० आवृत्ती आली आणि त्याच आठवड्यात गूगलच्या मुख्यालयात पहिले जँगो संमेलन भरले. प्रमुख भाषणांत फ्लिकरच्या कॅल हेंडरसनने ‘मला जँगो का आवडत नाही’ हाच विषय घेतला आणि श्रोत्यांनी तो डोक्यावर घेतला. घरच्या कार्यात पाहुण्याला इतके बोलू देणारी मंडळी कमी.

आता या सगळ्याचे झाले काय?

पहिले फळ वर्तमानपत्रांनाच मिळाले. फ्लोरिडातल्या ‘सेंट पीटर्सबर्ग टाइम्स’ने २००७ मध्ये पुढाऱ्यांच्या विधानांचा खरेखोटेपणा तपासणारी पॉलिटिफॅक्ट ही साइट जँगोवर काढली आणि २००९ मध्ये तिला पुलित्झर मिळाले. त्याच वर्षी ब्रिटिश खासदारांच्या खर्चाचे प्रकरण पेटले. संसदेने जूनमध्ये बिले-पावत्यांची साडेचार लाखांहून अधिक पाने एकदम जाहीर केली. एवढी चाळायची कोणी? विलिसन तेव्हा ‘गार्डियन’मध्ये होता. त्याने आठवडाभरात जँगोवर एक साइट उभी केली: वाचकाने एक पान उघडायचे, त्यात काही संशयास्पद आहे का ते नोंदवायचे, पुढचे पान घ्यायचे. वीस हजारांहून अधिक वाचक कामाला लागले. कॅन्ससमध्ये रोजच्या घाईसाठी घडवलेले हत्यार लंडनमध्ये नेमक्या तशाच घाईत उपयोगी पडले.

मग पत्रकारितेशी काडीचा संबंध नसलेले लोक आले. ऑक्टोबर २०१० मध्ये केव्हिन सिस्ट्रम आणि माइक क्रीगर यांनी इन्स्टाग्राम सुरू केले. पाठीमागे जँगो. पहिल्याच दिवशी पंचवीस हजार लोकांनी नाव नोंदवले आणि त्यांचा एकुलता सर्व्हर गुडघ्यावर आला. क्रीगरने पुढे सांगितले आहे, की त्या दिवशीच्या त्रासातला एक भाग फारच क्षुल्लक होता. ब्राउझरच्या टॅबवर दिसणारे छोटे चिन्ह ठेवायला ते विसरले होते. प्रत्येक ब्राउझर ते चिन्ह मागे आणि बिचारा जँगो प्रत्येकाला ‘सापडत नाही’ हे पान रीतसर तयार करून पाठवत बसे. कार्यालयाच्या दारात रखवालदार नाही, म्हणून पत्ता चुकलेल्या प्रत्येकाला आचाऱ्याने बाहेर येऊन वाट सांगावी, तसे ते झाले. दीड वर्षाने फेसबुकने ही कंपनी एक अब्ज डॉलरचा सौदा करून घेतली तेव्हा तिथे तेरा माणसे कामाला होती. तेरा जणांत एवढा पसारा आवरतो, याला बाकी कारणे पुष्कळ असली तरी तयार चौकट हे एक नक्की.

जमेच्या बाजूला आणखी एक गोष्ट मोजावी लागते, ती दिसत नाही म्हणून कमी बोलली जाते. वाचकाने अभिप्रायाच्या चौकोनात मजकुराऐवजी प्रोग्राम टाकला तर पान तो निमूट चालवी, हा त्या काळचा नेहमीचा घात. १.० पासून जँगोने अशा मजकुराला आपणहून निष्प्रभ करायला सुरुवात केली. हजारो नवशिक्यांना धोका काय होता हे न कळताच ते त्यातून वाचले.

खर्चाची बाजू याच्याच पाठीला लागून आहे. न कळता वाचलेला माणूस न कळता बांधलाही जातो. पायथन धड न येता ‘जँगो डेव्हलपर’ झालेली मुले मी पाहिली आहेत. चौकटीत बसणारे काम ती भराभर करतात आणि चौकटीबाहेर पाऊल टाकायची वेळ आली की हातपाय गाळतात. शिवाय कार्यालयवाल्याने नियम बदलले की पाहुण्यांनाही बदलावे लागते. डिसेंबर २०१७ मध्ये २.० आवृत्तीने पायथनच्या जुन्या पिढीला दार बंद केले, तेव्हा किती कचेऱ्यांत किती शनिवार-रविवार गेले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

होलोव्हाटी आणि कॅप्लन-मॉस यांनी जानेवारी २०१४ मध्ये अखेरचा शब्द आपला असण्याचा मान स्वतःहून सोडला. दैनिकाचे दिवस दरम्यान फिरले होते. जाहिराती आणि वाचक कुठे गेले हे सांगायची गरज नाही. त्यातले काही तर जँगोवरच बांधलेल्या छायाचित्रांच्या साइटकडे गेले. २०१६ मध्ये सायमन्स घराण्याने ‘जर्नल-वर्ल्ड’ विकले.

कचेरी मात्र जँगोच्या आत राहून गेली. प्रोग्रामरच्या तोंडी रोज असणारा ‘स्लग’ हा शब्द घ्या. लायनोटाइपच्या काळी तापलेल्या धातूतून मजकुराची अख्खी ओळ एका तुकड्यात ओतली जाई, तो तुकडा म्हणजे स्लग. पुढे डेस्कवर बातमीला ओळखण्यापुरते जे एक-दोन शब्दांचे नाव देतात त्यालाही स्लग म्हणू लागले. जँगोत तो वेबपत्त्याचा शेवटचा तुकडा झाला, आणि आता साबणाच्या वडीलाही स्लग असतो.

हा स्लग मथळ्यावरून आपोआप बनवायची सोय आहे. कॅन्ससच्या मथळ्यांना ती पुरेशी होती. मराठी मथळा दिला तर ती कोरा कागद परत करी, कारण इंग्रजी मुळाक्षरांपलीकडचे सगळे ती गाळून टाकत असे. ॲडमिनच्या पडद्यावर ग्रीक, रशियन, पोलिश अक्षरांचे रोमन करणारे तक्ते हळूहळू जमा झाले, त्यांत देवनागरी नव्हती. डिसेंबर २०१५ च्या १.९ आवृत्तीत इतर लिप्यांची अक्षरे राखायचा पर्याय आला. तो चालू केला की जँगो पायथनला विचारतो, हे अक्षर आहे का? पायथनच्या लेखी क, म, ठ ही अक्षरे आहेत. काना, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त ही अक्षरे नाहीत, नुसती चिन्हे आहेत, म्हणून ती गळतात. ‘मराठी’चे ‘मरठ’ होते, ‘निवडणूक’चे ‘नवडणक’ आणि ‘विठ्ठल’चे ‘वठठल’. म्हणून आषाढीच्या रात्री, पान सोडायची वेळ झालेली असताना, बातमी साइटवर चढवणारा उपसंपादक मथळा मराठीत लिहितो आणि खालच्या चौकोनात रोमन लिपीत, हाताने, ‘pandharpur-wari’ असे टंकतो.